ओल्या पाटीचा वास

पाटी ओल्या फडक्यानं पुसली की क्षणभर एक वास यायचा, तापलेल्या कातळावर वळवाचे चार थेंब पडावेत तसा, पण त्याहून थंड, किंचित धुरकट. पाटी वाळली की तो जायचा. आजही कुणी भागाकार म्हटलं की मला आधी तो वास आठवतो, आकडे मागून येतात.

तिन्हीसांजेला ओटीवर परवचा म्हणून झाला की अण्णा पाटी मांडीवर घ्यायचे. एका संध्याकाळी त्यांनी एकाला सातानं भागायला घेतलं. दशांशचिन्ह दिलं, शून्य उतरवलं. सात एके सात, बाकी तीन. सात चोक अठ्ठावीस, बाकी दोन. सात दुणे चौदा, बाकी सहा. पेन्सिल करकरत होती, दाराच्या चौकटीतून आलेला मावळता उजेड पाटीवरून हळूहळू ओसरत होता आणि भागाकार जिना उतरावा तसा खाली खाली येत होता. सात अठ्ठे छप्पन्न, बाकी चार. सात पंचे पस्तीस, बाकी पाच. सात सत्ते एकोणपन्नास, बाकी एक. खाली जागाच उरली नव्हती, म्हणून तो एक त्यांनी लाकडी चौकटीला चिकटवून अगदी बारीक लिहिला.

"बघ, घरी आला."

एकापासून निघालो होतो, एकापाशी परतलो होतो. वर उमटले होते १४२८५७, आणि इथून पुढे तेच, पुन्हा पुन्हा, कधीही न संपणारे. मग पाटी पुसून त्यांनी त्या संख्येला दोनानं गुणलं, २८५७१४. तिनानं, ४२८५७१. चार, पाच, सहा, कशानंही गुणा. भोंडल्यातला फेर तोच, मुलींचा क्रम तोच, फक्त गाणं दर वेळी दुसरीनं उचललेलं. सातानं गुणलं आणि फेर मोडला: ९९९९९९. मला रडूच आलं. का, ते अजून नीट सांगता येत नाही.

खूप वर्षांनी द. रा. कापरेकरांविषयी वाचलं. १९०५ साली डहाणूला जन्मलेले, देवळालीच्या शाळेत शिकवणारे, संख्यांवर माणसांसारखा जीव लावणारे. ४५चा वर्ग २०२५; वीस आणि पंचवीस, पुन्हा पंचेचाळीस. अशा संख्यांना जग आज त्यांच्याच नावानं ओळखतं.

त्या रात्री मी १४२८५७चा वर्ग हातानं मांडला. अण्णांना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. उत्तर आलं २०४०८१२२४४९. ते तोडून २०४०८ आणि १२२४४९ एकाखाली एक लिहिले. नऊ आणि आठ सतरा, सात, हातचा एक. मग पाच. मग आठ. माझा हात कापू लागला. दोन. चार. डावीकडे कागद संपत आला होता; शेवटचा एक कडेला चिकटवून, अगदी बारीक लिहिला.