फटफटीला तिसरे चाक

दिवाळी आटोपली, कापसाची पहिली वेचणी घरात आली, की आमच्या खानदेशातील बरीच मंडळी गिरनार, सोमनाथ, द्वारका अशी यात्रा करून येतात. यंदा मीही त्यांच्यात होतो. सोबत आमच्या भागातील एक शेतकरी आणि त्यांच्या घरची मंडळी होती. सारा गाव त्यांना आप्पा म्हणतो, म्हणून आपणही आप्पाच म्हणू. आप्पांची जमीन पाच एकर, तीही दोन ठिकाणी. बैलजोडीतला एक बैल पावसाळ्यात दगावला. राहिलेल्याला जोड आणायची, की तोही विकून टाकायचा, हा घोर त्यांनी देवदर्शनालाही बरोबर आणला होता. सौराष्ट्रातले शेतकरी मोटारसायकलीला तीन चाके लावून शेत करतात, असे त्यांनी कोठेतरी ऐकले होते. "साहेब, देव तर पाहूच, पण ती गाडी दाखवा," असे त्यांनी निघतानाच बजावले होते.

सुरतेला गाडी बदलून राजकोटला उतरलो. तेथून अमरेलीची एस. टी. सरधार, आटकोट, बाबरा या गावांवरून जाते. जमीन आपल्यासारखीच काळी, काही ठिकाणी हलकी आणि मुरमाड. भुईमूग नुकताच निघाला होता. खळ्याखळ्यांत वेलांच्या गंजी लागल्या होत्या आणि कापूस उभा होता. आप्पा खिडकीतून पीक पाहत होते आणि वहिनी गायी पाहत होत्या.

बाबऱ्याला उतरून पुढे खेड्यात जायला छकडो मिळाला. हा छकडो म्हणजे सौराष्ट्राची खासियत. पुढे बुलेट मोटारसायकलीचे तोंड आणि मागे दोन चाकांवर उघडी गाडी. आता कारखान्यातून सुटलेल्या नव्या रिक्षा आल्या आहेत. पण जुने छकडे अजून दिसतात. माणसे, दुधाचे कॅन, कडबा, सारे एकदम चालते. चढ लागला तसा चालकाने मागच्या दोघांना हाक मारून पुढे बसविले. मागे वजन फार झाले, तर चढावर पुढचे एकुलते चाक जमीन सोडू पाहते, आणि चाकच हलके झाले तर हँडल वळवून काय उपयोग? आप्पांनी हे नीट ध्यानात घेतले.

गाडीवाटेवर आणखी एक गोष्ट कळली. बैलगाडीच्या चाकोऱ्या दोन असतात, मध्ये गवताचा उंचवटा. फटफटीवाला एका चाकोरीतून सुखाने जातो. तीन चाकांची मागची दोन चाकोरीत बसतात, पण पुढचे नेमके उंचवट्यावर चढते. खड्डा चुकवावा म्हटले तर एक चाक चुकते आणि दुसरे त्यात पडते.

आता ज्या गाडीसाठी गेलो, तिच्याविषयी. अमरेली जिल्ह्यातील मोटा देवळिया गावच्या मनसुखभाई जगाणी यांनी १९९४ साली डिझेल बुलेटचे मागचे चाक काढले, तेथे दोन चाकांचा सांगाडा बसविला आणि त्यामागे अवजारे बांधण्याची आडवी दांडी जोडली. सांती म्हणजे तिकडचे बैलांचे औत. म्हणून हिचे नाव बुलेट सांती. तिची गरज का पडली, हे सांगितलेच पाहिजे. १९८५ ते १९८७ या सलग दुष्काळांत सौराष्ट्रात चाऱ्यावाचून जनावरांचे अतोनात हाल झाले. मजूर सुरत, राजकोटकडे जाऊ लागले. ट्रॅक्टर पाच-सात एकरवाल्याला परवडेना. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाने या कामाची दखल घेतली आणि त्याला अमेरिकेचे पेटंटही मिळाले. पुढे गावोगावच्या कारागिरांनी त्याच धर्तीवर गाड्या बनविल्या. आता नवीन प्रकाराला तिकडे सनेडो म्हणतात. सनेडो हे खरे तर गुजरातेतील लोकगीताच्या एका प्रकाराचे नाव. यंत्राला ते कसे चिकटले कोण जाणे!

आम्ही ज्यांच्याकडे उतरलो त्या म्हाताऱ्या बापांकडे जुनी बुलेट सांती होती. भुईमूग निघालेल्या रानात तिला वखराची फास लावून पाळी चालली होती. पुढच्या पाळीला त्यांनी आप्पांना बसविले. आप्पा वीस वर्षे मोटारसायकल चालवितात. त्यांना वाटले, यात शिकायचे काय?

सरळ तासाला ठीक गेले. बांधाजवळ वळताना मात्र सवयीप्रमाणे त्यांनी अंग आतल्या बाजूला झुकविले. मोटारसायकल अशी झुकते आणि वळते. तीन चाकांची गाडी झुकतच नाही. ती सरळ चालली बांधावर! येथे हँडल हाताच्या जोराने वळवावे लागते आणि वेगात वळले तर गाडी बाहेरच्या बाजूला कलंडू पाहते. आप्पा गडबडले, वेग कमी केला आणि तोल सावरायला डावा पाय खाली टेकवला. "पग उपर राखो, भाई!" बापा ओरडले. आप्पांनी पाय उचलला आणि मागचे चाक त्या जागेवरून गेले.

बापा म्हणाले, नवशिक्याला पहिली जखम पायालाच होते. मोटारसायकलीवर थांबताना पाय टेकणे हा शहाणपणा. येथे तोच पाय मागच्या चाकाखाली जातो. जुनी सवय मोडणे हेच यातले खरे शिक्षण. घरात तरुण मुले असतील तर हे त्यांना आधी सांगावे, मग गाडीला हात लावू द्यावा.

दुसरी अडचण आप्पांनीच शोधली. मोटारसायकलीला उलटा गिअर नसतो. त्यांनी पावलांनी मोजले, तर वळायला बारा पावले जागा लागली. लांब शेताला ते चालते, पण आखूड तुकड्याला दोन्ही टोकांना एवढी जागा सोडली तर पेरायचे काय? सनेडोला उलटा गिअर बसवून मिळतो, असे कळले. ओळींचा प्रश्न सोपा निघाला. पेरणीही याच गाडीने करायची, म्हणजे कोळपणीला चाके ओळींमधून बरोबर जातात. बापांच्या हिशेबाने एकराची कोळपणी अर्ध्या-पाऊण तासात होते. खोल नांगरट मात्र तेही ट्रॅक्टरनेच करून घेतात.

एक इशारा माझा. आपली शंभर सी.सी.ची पेट्रोल मोटारसायकल घेऊन हा प्रयोग करू नये. तिचे इंजिन धावताना लागणाऱ्या वाऱ्यावर थंड होते. औताला ती बैलाच्या चालीने आणि ओझ्याखाली चालणार; इंजिन तापेल, क्लच जळेल. डिझेल बुलेटचे इंजिन सावकाश चालूनही जोर धरते, पण तिचे उत्पादन केव्हाच बंद झाले. शिवाय मूळ रचना बदललेली गाडी रस्त्यावर आणण्यास १९८८च्या मोटार वाहन कायद्याची आडकाठी आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली तसाच निर्णय दिला आहे. अपघात झाला तर विम्याचाही घोळ. तेव्हा कारागिराला पैसे मोजण्यापूर्वी आर.टी.ओ. कचेरीत विचारावे.

वहिनींचा प्रश्न निराळाच होता. "बैल विकले तर शेणखत कुठून आणायचं?" त्यांनी हा प्रश्न बापांच्या सुनेला खुणा करून विचारला. सुनेने हसून त्यांना गोठ्यात नेले. तेथे दोन गीर गायी भुईमुगाचे वेल खात होत्या. बैल गेले, पण गायी ठेवल्या. दूध मिळते आणि खतही. बैलांचा चारा गायींना जातो. वहिनींना हे पटलेले दिसले. आप्पांना पटायला अजून वेळ होता. गाडी काम नसले की खात नाही, हे खरे. पण काम असले की डिझेल रोखीने मागते, आणि रोकड पेरणीच्याच वेळी नसते.

परतीच्या गाडीत त्यांचा हिशेब सुरतेपर्यंत चालला. शेवटी ठरले ते असे: यंदा बैल विकायचा नाही, चुलतभावाच्या एका बैलाशी सावड करून रब्बी उरकायची. उन्हाळ्यात चौघा भावबंदांनी मिळून उलट्या गिअरची एक सनेडो घ्यावी का, ते कागदपत्रे पाहून ठरवायचे. चौघांपैकी तिघे तयार आहेत. गाडी कोणाच्या वाड्यात उभी राहायची, यावर मात्र अजून एकमत झालेले नाही.