आजीच्या कपाळावरचा डाग

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भाच्याने आजी-आजोबांचा जुना फोटो ॲपमधून दुरुस्त करून टाकला. मधली घडी गेली, कोपऱ्यातली बुरशी गेली, ओल चढून पिवळा पडलेला भाग उजळला. सगळ्यांनी बदाम पाठवले. मला मात्र काहीतरी खटकत राहिलं. आजोबा शेजारी खुर्चीत बसलेले, आणि आजीचं कपाळ मोकळं!

त्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक काचांना आणि फिल्मला तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे. लाल कुंकू फोटोत काळं येई. ॲपने ते बुरशीच्या ठिपक्यांतलंच एक समजून पुसून टाकलं. गालांवरचे देवीचे वणही गेले. देवीच्या साथीत तिची दोन भावंडं दगावली, ती वाचली; ते वण म्हणजे तिच्या वाचण्याची खूण होती. १९७५ नंतर आपल्या देशात देवीचा रोगी सापडला नाही. आज चाळिशीत असलेल्या कुणाही भारतीयाच्या चेहऱ्यावर ते दिसायचे नाहीत, मग ते यंत्राला कोण शिकवणार? लाखो परक्या चेहऱ्यांवरून ते शिकतं आणि जिथे तपशील नाही तिथे संभवनीय ते भरतं. डोळे सुंदर येतात, पण आजीचे येत नाहीत.

आमच्या गावच्या स्टुडिओत मागच्या खोलीत एक काका रिटचिंग करायचे. उतरतं लाकडी डेस्क, मधे दुधी काच, खाली खिडकीचा उजेड पकडणारा आरसा. काचेवर निगेटिव्ह ठेवायची, तिला पेन्सिल धरावी म्हणून पातळ वार्निश लावायचं. पेन्सिलीचं शिसं ते पॉलिश पेपरवर घासून सुईसारखं करत. निगेटिव्हमध्ये सुरकुती म्हणजे उजळ रेघ. तिच्यावर बारीक बारीक टिंबं देत गेलं की प्रिंटमध्ये ती पुसट होते. शाळा सुटली की मी तिथे जाऊन उभा राहायचो. एकदा शेजारच्या काकू आल्या. नवरा अचानक गेला होता आणि त्याचा एकट्याचा फोटोच नव्हता. कुठल्याशा लग्नातल्या ग्रुपमध्ये मागच्या रांगेत अंगठ्याच्या नखाएवढा चेहरा, तोही अर्धा कुणाच्या तरी फेट्याआड. काकांनी त्याचा फोटो काढून मोठा केला. मग काकूंना स्टुलावर बसवून विचारत गेले. "वहिनी, डावा कान असाच होता? जरा बाहेर?" "बाहेर. आणि भुवई तुटलेली होती, लहानपणी पडले होते." काका ब्रश थांबवत, बघत, पुन्हा चालवत. "कोट घालू का?" "नको. कोट कधी घातला नाही त्यांनी. सदराच असू द्या." तुटलेली भुवई त्यांनी तुटलेलीच रंगवली. काकूंनी तो फोटो बराच वेळ हातात धरला आणि मग पदराने काच पुसली, खरं तर काच स्वच्छच होती.

संगणकावरचं काम मला नकोसं मुळीच नाही. स्कॅनवर एकेक चीर हाताने भरणारी माणसं आहेत, आणि त्यांच्या कामाला तीच जुनी सबुरी लागते. पडद्यावरची घडी, धूळ, ओरखडे खुशाल काढावेत. चेहऱ्याला हात लावण्याआधी मात्र त्या माणसाला पाहिलेल्या कुणाला तरी विचारावं, इतकंच माझं म्हणणं.

तुमच्या घरी असे फोटो असतील तर आधी निदान ६०० डीपीआयला स्कॅन करा आणि ती मूळ फाइल तशीच जपा. दुरुस्ती तिच्या प्रतीवर करा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून सोडवू नका, जिलेटिनचा थर काचेवरच राहतो. काचेसकट स्कॅन करा. आणि घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला या आठवड्यातच फोटो दाखवून नावं विचारून घ्या. ती मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा. बॉलपेनने नको, त्याचे वळ पुढे चेहऱ्यावर उमटतात.