फाळ आणि पाते

‘कालातीत’ हा शब्द अलीकडे फार स्वस्त झाला आहे. मनगटावरच्या घड्याळापासून दिवाणखान्यातल्या कोचापर्यंत जी वस्तू खपवावयाची असेल तिच्या जाहिरातीत हे विशेषण असतेच. आणि मौज अशी की, पुढल्या दिवाळीला त्याच वस्तूची नवी आवृत्ती बाजारात येते तेव्हा तीही कालातीतच असते. ज्याने सारी उमेदीची वर्षे महाविद्यालयात वाङ्मय शिकवण्यात घालवली, त्याला विशेषणांची ही नासाडी पाहवत नाही. तथापि शब्दावर रागावून तो टाकून देता येत नाही. कारण ज्या गोष्टीसाठी तो घडवला गेला ती गोष्ट जगात खरोखरच आहे. नित्याच्या वापरातील काही वस्तूंचा आकार असा असतो की तो कोणी ठरवला हे कोणालाच ठाऊक नसते, तो बदलावा असे कोणाच्या मनात येत नाही, आणि तो सुंदर आहे हे सांगावयास बहुधा परदेशातून कोणी यावे लागते.

आपल्या साध्या तांब्याच्या बाबतीत असेच झाले. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन रचनाकार दांपत्य भारत सरकारच्या निमंत्रणावरून येथे आले आणि १९५८ साली त्यांनी जो अहवाल दिला त्यात सर्वांत अधिक गौरव कशाचा केला असेल, तर तांब्याचा. पाणी किती मावावे, हातांचा आकार केवढा, तो डोक्यावर न्यावयाचा की कमरेवर, ओतताना तोल कसा राहावा, असे किती प्रश्न त्या एका भांड्याने पिढ्यान्‌पिढ्या सोडवत आणले आहेत, हे त्यांनी दाखवले. त्याच अहवालाच्या प्रेरणेने पुढे १९६१ साली अहमदाबादेस राष्ट्रीय रचना संस्था उभी राहिली. हे सारे मला मान्य आहे. पण एक शंका त्यांच्या विवेचनाने फिटत नाही. आकार जर इतका पूर्णत्वाला गेला होता, तर तो तांब्या आज आमच्या घरी फळीवर का गेला? देवघरातला कलश आणि लग्नकार्य सोडले तर त्याला कोण विचारतो? नळ आला, पाणी शेंदणे गेले, आणि ज्या प्रश्नांची उत्तरे त्या भांड्याने दिली होती ते प्रश्नच घरातून उठून गेले.

या शंकेचा उलगडा मला ग्रंथालयात झाला नाही. तो आगगाडीत झाला. मी साताऱ्यास असतो आणि माझी आई सांगलीस थोरल्या बंधूंकडे असते. महिन्यातून दोनदा तरी मी तिला भेटावयास जातो. कराड मागे पडले, ताकारी गेले, दोन्ही बाजूंनी ऊस दाटला, की एक पाटी येते : किर्लोस्करवाडी. या स्टेशनाचे मूळ नाव कुंडल रोड. मराठी वाचणाऱ्या माणसाला या नावाने १९२० साली सुरू झालेले मासिक आठवावे हे स्वाभाविक आहे. पण मासिकाच्या आधी येथे नांगर आला होता, आणि माझे लक्ष हल्ली त्या नांगरावर असते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ सालचा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते चित्रकार होण्यासाठी गेले आणि तेथे असे आढळले की त्यांना काही रंगांतला भेद कळत नाही. चित्रकाराला याहून मोठे वैगुण्य ते कोणते असावयाचे! पण रेषेला रंगाची गरज नसते. ते यंत्रांच्या रेखनाकडे वळले, व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले, आणि पुढे बेळगावात वडील बंधू रामुअण्णांसह सायकलींच्या दुकानातून कारखानदारीकडे आले. आधी त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र केले. १९०३ साली लोखंडी नांगर केला. हा नांगर पहिल्यांदा विकला जाण्यास दोन वर्षे लागली. लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती.

या समजुतीला हसण्याचा मोह सुशिक्षितांना होतो. त्यांच्यासाठी सांगतो की, चार्ल्स न्यूबोल्ड नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १७९७ साली ओतीव लोखंडाच्या नांगराचे पेटंट घेतले, तेव्हा तिकडील शेतकऱ्यांनीही हेच म्हटले होते. समुद्राच्या दोन तीरांवर, शंभर वर्षांच्या अंतराने, एकमेकांचे नावही न ऐकलेल्या माणसांना तीच भीती वाटते, तेव्हा ती निव्वळ अडाणीपणाची नसते. ज्याचे सारे जगणे एका पिकावर अवलंबून आहे तो माणूस नव्या आकाराला आपली जमीन सहजासहजी देत नाही. जुन्या लाकडी नांगराचे गुणही काही थोडे नव्हते. गावच्या बाभळीचा, गावच्या सुताराने घडवलेला; मोडला तर त्याच संध्याकाळी दुरुस्त होणारा. हलक्या जमिनीत त्याचे सुरेख चाले.

पण आमच्या कृष्णाकाठच्या काळ्या, चिकट जमिनीत त्याला कितीतरी बैल जुंपावे लागत आणि तरी तो जे करी ते अपुरेच राही. लाकडी नांगराचा फाळ म्हणजे एक टोक. ते माती फाडते, दोन्हीकडे सारते, आणि दोन तासांच्या मध्ये न नांगरलेल्या जमिनीची एक पट्टी तशीच ठेवून पुढे जाते. हराळी आणि कुंदा यांची मुळे त्या पट्टीत सुखाने नांदतात. लोखंडी नांगराला फाळाच्या पाठीशी एक वाकडा पत्रा असतो. त्याला पंख म्हणतात. फाळाने तळातून कापलेला मातीचा थर या पंखावर चढतो, चढता चढता पिळला जातो आणि शेवटी उलटा होऊन शेजारच्या तासात पडतो. गवत खाली गाडले जाते आणि खालची माती वर येऊन उन्हात तापते. नांगराची सगळी विद्या त्या पंखाच्या पिळात आहे. पीळ कमी झाला तर माती उलटत नाही. जास्त झाला तर बैलांच्या मानेवर ओढ येते.

या पिळाचा नाद लागलेल्यांत अमेरिकेचा तिसरा अध्यक्ष टॉमस जेफरसन हाही होता. १७९८ साली त्याने कमीत कमी ओढ लागेल अशा पंखाची रचना लिहून काढली. मला त्यातली आवडणारी गोष्ट निराळीच आहे. साध्यातल्या साध्या कारागिरालाही करवत आणि तासणी घेऊन तोच पंख चुकल्यावाचून पुन्हा घडवता यावा, अशी रीत त्याने शोधली, आणि त्यावर पेटंट मात्र घेतले नाही. त्याच सुमारास इंग्लंडात रॉबर्ट रॅन्समने दुसरी बाजू सांभाळली. फाळ झिजणारच, तेव्हा झिजलेला भाग तेवढा काढून शेतातल्या शेतात नवा बसवता यावा, अशा सुट्या भागांच्या नांगराचे पेटंट त्याने १८०८ साली घेतले.

बेळगावची जागा सोडावी लागल्यावर १९१० साली लक्ष्मणराव कुंडलच्या माळावर आले. ही जमीन औंधच्या राजांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, दिली. ते स्वतः हाडाचे चित्रकार होते. औंधच्या टेकडीवरचे भवानी संग्रहालय त्यांनीच १९३८ साली उभारले. रंग ज्याला दिसत होते त्या राजाने रंग न दिसणाऱ्या कारागिराला निवडुंगाचा माळ दिला, हा योग मला मोठा मनोहर वाटतो. तो माळ तेव्हा औंध संस्थानात होता. भोवतालचा बराचसा मुलूख साताऱ्याचा होता. १९४९ साली दक्षिण सातारा असा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणजे ज्या दोन गावांत माझा जीव विभागलेला आहे त्यांच्या जिल्ह्यांना एका काळी साताऱ्याचेच नाव होते. पण ते असो.

आज त्या नांगराचे काय झाले? महामार्गावरच्या खाणावळींच्या दारात तो उभा दिसतो. चंदेरी रंग दिलेला, शेजारी बैलगाडीचे चाक, आणि त्याला टेकून छायाचित्र काढून घेणारी मंडळी. शोभेला लागलेली अवजारे पाहिली की मला पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील अडकित्त्यांची आठवण येते. काय एकेक नक्षी! पण सुपारी कातरण्याचे काम ज्या काळ्या, बिननक्षीच्या अडकित्त्याने जन्मभर केले तो कुणाच्या तरी चंचीतच राहिला.

पलूसकडे माझे एक मावसबंधू शेती करतात. त्यांना मी एकदा म्हटले, “तुमच्या लोखंडी नांगराचा काळ संपला.” ते म्हणाले, “कुणी सांगितलं? चला दाखवतो.” बांधावर ट्रॅक्टर उभा होता आणि त्याच्या पाठीला पलटी नांगर. बैल गेले होते, जू गेले होते, मुठीत धरावयाचे रुमणे गेले होते. राहिले होते ते फाळ आणि पंख. पोलाद अधिक चांगले, माप मोठे. पण पीळ ओळखीचा. आणि फाळ पूर्वीसारखाच दोन बोल्टांवर बसवलेला, झिजला की बदलण्यासाठी. “ओढणारा बदलला,” ते म्हणाले, “माती कुठं बदलली?”

मी गाडीत बसलो तो हे वाक्य घेऊनच. वस्तूचा जो भाग मातीशी बोलत होता तो टिकला. जो भाग बैलाशी आणि माणसाच्या मुठीशी बोलत होता तो गेला. तांब्याची शंकाही अशीच सुटते. त्याचा घाट आडाशी, दोराशी आणि कमरेशी बांधलेला होता. त्यातले पाणी तेवढे उरले, आणि पाण्याला काय, कोणतेही भांडे चालते.

हा विचार एरवी येथेच संपला असता. पण सांगलीस त्या वेळी आमच्या घरात एक प्रश्न उभा होता, आणि तो विळीचा होता.

आई आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी तिच्या गुडघ्यांनी जबाब दिला आणि जमिनीवर बसणे बंद झाले. मग वहिनींनी विळी माळ्यावर टाकली. त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. उघडे पाते, थरथरणारे हात, आणि घरात नुकताच धावू लागलेला पणतू. त्यांनी आईला खुर्ची, टेबल, लाकडी फळी आणि उत्तम सुरी दिली. आईने चार दिवस सुरी चालवून पाहिली आणि ठेवून दिली. मला म्हणाली, “अरे, ह्यात सुरीकडे बघायचं की भाजीकडे?”

तिच्या बोलण्यातले मर्म मला सावकाश कळले. सुरीत पाते हलते आणि भाजी पडून असते. विळीत पाते स्थिर. पाय पाटावर दाबलेला, दोन्ही हात मोकळे, आणि भाजी पात्याकडे जाते. पात्याची जागा इतकी पक्की ठाऊक की डोळे दुसरीकडे असले तरी चालते. म्हणून तर आमच्याकडच्या बायकांनी कोबी चिरता चिरता तीन पिढ्यांच्या गोष्टी सांगितल्या. ही युक्ती एकट्या महाराष्ट्राची नाही. बंगाल्यांची बोटी, कानड्यांची ईळिगे मणे, मालवणीतला आडाळो, सगळीकडे धार चिरणाऱ्याकडे तोंड करून उभी.

सुरी ठेवल्यापासून आई भाजी निवडून देई, पण चिरण्याचे काम वहिनींकडे गेले. त्याबरोबर आज भाजी कोणती करावयाची, हे ठरवण्याचा अधिकारही नकळत गेला. ती काही बोलली नाही. फक्त दुपारी लवकर निजू लागली.

विळीत मातीशी बोलणारा भाग कोणता आणि बैलाशी बोलणारा कोणता, हे मी त्या आठवड्यात मनाशी ताडून पाहिले. पाते, त्याचा बाक आणि टोकाची खवणी हे भाजीचे आणि नारळाचे. पाट आणि जमीन बसणाऱ्याची. बाजारात ओट्याला स्क्रूने आवळावयाच्या पोलादी विळ्या मिळतात. एक आणून दाखवली. आईने पात्यावरून अंगठा फिरवला आणि “बाक नाही” एवढेच म्हणून परत दिली. तेव्हा दादांनी ओळखीच्या सुताराला बोलावले. माळ्यावरून विळी उतरली. पन्नास वर्षांच्या धारेने पाते निम्मे झाले होते, पण बाक शाबूत होता. सुताराने आईला खुर्चीवर बसवून छातीपासून पात्यापर्यंतचे अंतर विचारले. तिने वीत पसरून दाखवली. त्याने टेबलाचे पाय चार बोटे कापले, पात्याखाली नवा जाड पाट दिला, तो शिकंज्याने टेबलाच्या कडेला आवळला, आणि पणतवासाठी पात्याला लाकडी म्यान केले.

पहिल्या दिवशी तिने मेथीची जुडी चिरली. बारीक, सारखी, खाली न पाहता. डोळे पणतवाकडे होते. मी विचारले, “कसं वाटतंय?” ती म्हणाली, “पायाला काही कामच राहिलं नाही रे.” मी वाकून पाहिले, तर टेबलाखाली तिचा उजवा पाय फरशीवर घट्ट दाबलेला होता.

नारळाचे मात्र अजून जमलेले नाही. खवणीवर जोर पडला की टेबल सरकते. सुतार म्हणतो, मागचे दोन पाय भिंतीत धरून टाकू; दादांना भिंत फोडावयाची नाही. तूर्त खोबरे वहिनी मिक्सरमधून काढतात, आणि त्या दिवशीची आमटी आईला आवडत नाही.