बॉडीची किंमत

सोनीचा ए७ फोर कॅमेरा भारतात जानेवारी २०२२ मध्ये आला. नुसत्या बॉडीची, म्हणजे लेन्सशिवाय, किंमत होती २,४२,४९० रुपये. अमेरिकेत तोच २,५०० डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या दराने एक लाख सत्त्याऐंशी हजारांच्या आसपास. लग्नाची कामं करणाऱ्या आमच्या मंडळींत लगेच विचारणा सुरू झाली, कुणाचा भाचा अमेरिकेहून कधी येतोय?

मी हिशेब मांडून पाहिला. अमेरिकेतल्या किमतीत विक्रीकर धरलेला नसतो. तो राज्यागणिक वेगळा. आपल्या किमतीत १८ टक्के जीएसटीचे ३६,९९० रुपये आधीच असतात. ते वजा केले की उरतात २,०५,५००. लंडनमध्ये हाच कॅमेरा २० टक्के व्हॅटसकट २,४०० पौंडांना मिळत होता. पौंड तेव्हा शंभरच्या जरा वर होता. म्हणजे रुपयांत जवळपास आपल्याइतकाच! कंपनी आपल्यालाच लुटते, हे म्हणूनच मला पटत नाही.

खरी तफावत कमाईत आहे. लंडनचा फोटोग्राफर दोनेक लग्नांत बॉडीचे पैसे काढू शकतो. आमच्याकडे तालुक्याच्या गावी हळद, लग्न, रिसेप्शन आणि वर अल्बम, अशी एकच ऑर्डर असते. प्रिंटिंगचे आणि सोबतच्या पोरांचे पैसे दिले की हातात जेमतेम हप्ता उरतो. शिवाय एका बॉडीवर भागत नाही. ऐन मंगलाष्टकांत कॅमेरा बंद पडला तर ती वेळ परत येत नाही, म्हणून दुसरी बॉडी गळ्यात लागतेच.

मग सेकंडहँड. मुंबईत बोरा बाजारात गेलो की मी शटर काउंटच्या आधी स्क्रू बघतो. स्क्रूच्या डोक्यावर ओरखडे असले तर बॉडी कुणीतरी उघडलेली आहे. लेन्सचं ॲपर्चर पूर्ण उघडायचं, मागून टॉर्च मारायचा आणि तिरकं बघायचं. धूळ असेल तर ठिपके दिसतात, ती चालते. कोळिष्टकासारखे बारीक तंतू दिसले तर बुरशी. कोकणातून आलेल्या लेन्समध्ये हमखास. ती कितीही स्वस्त मिळो, घेऊ नये.

कराबद्दल मात्र माझी तक्रार आहे. जीएसटीची नोंदणी असलेला मोठा स्टुडिओ कॅमेऱ्यावर भरलेला कर आपल्या करातून वळता करून घेतो. वर्षाला २० लाखांच्या आत धंदा करणारा आमच्यासारखा माणूस बहुधा नोंदणीच करत नाही, त्यामुळे ते ३६,९९० रुपये त्याच्या खिशातूनच जातात. २०२५ मध्ये शिलाई मशीनवरचा कर ५ टक्क्यांवर आला, आणि ते योग्यच झालं. पण कॅमेऱ्यावरही घरं चालतात. डिजिटल कॅमेऱ्यावरचा कर २०१९ च्या जानेवारीत २८ वरून १८ टक्क्यांवर आणला होता. आता तो आणखी उतरवावा, निदान लहान व्यावसायिकाच्या पहिल्या बॉडीपुरता तरी.