नाण्याचा भाव

आमच्या सातपूरच्या शेजारणीकडे वैष्णोदेवीचे चित्र असलेले पाच रुपयांचे नाणे आहे. एके दिवशी तिच्या मोबाइलवर निरोप आला : असे नाणे असल्यास दहा लाख मिळतील. तिने फोन लावला. पलीकडचा गोड आवाजात म्हणाला, "मावशी, आधी नोंदणीचे एकवीसशे रुपये पाठवा." मुलाच्या फीसाठी ठेवलेले पैसे ती पाठवायला निघाली होती. नशीब, त्याआधी नाणे दाखवायला माझ्याकडे आली.

मी म्हटले, "वहिनी, माल आपला आणि पैसेही आपणच द्यायचे, हा कुठला व्यापार?" ते नाणे २०१२ सालचे. रोजच्या व्यवहारात ते कितीतरी हातांतून फिरले आहे. त्याची किंमत पाच रुपये. देवीवर श्रद्धा असेल तर देव्हाऱ्यात ठेवावे, पण त्यापायी घर गहाण टाकू नये.

नाण्याचा भाव कांद्यासारखाच ठरतो. आवक किती, माल कसा आणि गिऱ्हाईक कोण, हे पाहायचे. १९६४ सालचा नेहरूंचा रुपया पुष्कळांनी जपून ठेवला, म्हणून तो जुना असूनही दुर्मीळ नाही. सालाखाली बारीक खूण असते, तीही पाहावी. शंकरपाळ्यासारखी चौकट मुंबईच्या टाकसाळीची, चांदणी हैदराबादची, ठिपका नोएडाचा. खूण नसेल तर कोलकात्याचे. एखाद्या साली एखाद्या टाकसाळीने थोडीच नाणी पाडली असतील, तर संग्राहक तेवढीच शोधतात. नाणे कोरे करकरीत असेल तर भाव जास्त, झिजलेले असेल तर कमी. म्हणून जुनी नाणी चिंचेने किंवा राखेने घासू नका. चकाकी येते, पण मोल उतरते.

रिझर्व्ह बँकेच्या नावानेही असे फोन येतात. बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले आहे की, जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा संबंध नाही आणि त्यासाठी ती फी किंवा कमिशन मागत नाही.

आपल्याच त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला १९८० साली मुद्राशास्त्र संशोधनाची संस्था सुरू झाली. तेथील संग्रह मुलांना दाखवण्यासारखा आहे. नाणे आधी वाचायला शिकावे. विकायचेच असेल तर दोन-तीन जाणत्यांना समक्ष दाखवून भाव विचारावा. खरा घेणारा पैसे मोजतो, मागत नाही.