सोयरिकीची वही

वडवणीच्या आमच्या घरात एक लाकडी पेटी होती. तीत थोरल्या चुलत्यांची, अण्णांची, सोयरिकीची वही असे. पंचक्रोशीतील स्थळे ते जुळवीत. कोणाची ठरलेली सोयरीक का मोडली, कोणाच्या शेतावर किती कर्ज आहे, हे सारे त्यांना ठाऊक असे. पेटीची किल्ली मात्र त्यांच्या करगोट्याला. "यातले एक अक्षर बाहेर गेले, तर उद्यापासून आपल्या ओट्यावर कोणी टेकायचे नाही," असे ते म्हणत.

काही वर्षांपूर्वी आमच्या पुतणीचे नाव एका विवाहजुळणीच्या संकेतस्थळावर नोंदवले. पहिला साखरपुडा मोडल्याचे तिने प्रामाणिकपणे, 'खासगी' म्हणून लिहिले होते. महिनाभरात बाजारातल्या एका परिचिताने तो सारा मजकूर आपल्या मोबाइलवर आम्हांला दाखवला. तो कोठून फुटला हे कळले नाही. संकेतस्थळाकडून ठरावीक साच्याचे उत्तर आले. पुतणीने एवढेच विचारले, "काका, आता ही कंपनी बंद पडेल ना हो?"

अण्णांच्या हिशेबाने पडायला हवी होती. पण जगाचा अनुभव निराळा आहे. विवाहितांना चोरटे संबंध जुळवून देणाऱ्या 'ॲशली मॅडिसन' या कॅनडातील संकेतस्थळाची माहिती जुलै २०१५ मध्ये 'इम्पॅक्ट टीम' म्हणवणाऱ्यांनी चोरली आणि ऑगस्टात ती चव्हाट्यावर मांडली. खाती सुमारे ३ कोटी ७० लाख. आपली नोंद कायमची पुसण्यासाठी ज्यांनी १९ डॉलर मोजले होते, त्यांचीही माहिती कंपनीने जपून ठेवली होती! मुखपृष्ठावर मिरवलेले सुरक्षेचे पदकही कंपनीनेच बनवलेले निघाले. मुख्याधिकारी नोएल बिडरमन पायउतार झाले. २०१६ मध्ये 'एव्हिड लाइफ मीडिया' या मूळ कंपनीने 'रूबी' असे नाव घेतले. त्याच वर्षअखेर अमेरिकेत १ कोटी ७५ लाख डॉलरचा दंड ठरला. ऐपत नाही म्हणून प्रत्यक्षात सुमारे १६ लाख ६० हजारच भरावा लागला. ग्राहकांच्या दाव्यात २०१७ साली १ कोटी १२ लाख डॉलरवर तडजोड झाली. संकेतस्थळ पुढेही चालूच राहिले.

हे कसे घडले? आमच्या मते त्याचे एक उत्तर त्या दाव्यातच आहे. एप्रिल २०१६ मध्ये अमेरिकी न्यायालयाने सांगितले की, फिर्यादींचे प्रतिनिधी म्हणून उभे राहायचे, तर खरे नाव द्यावे लागेल. म्हणजे गुपित फुटल्याची दाद मागायची, तर ते पुन्हा स्वतःच्या तोंडाने सांगायचे. अशा धंद्याचे खरे भांडवल ग्राहकाची लाज हेच असते; आणि संकटकाळी तीच लाज कंपनीची ढाल होते. कंपनीला नाव बदलता येते. वडवणीत राहणाऱ्या मुलीने काय बदलावे?

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत अधिकार मानला. २०२३ च्या कायद्यात माहितीच्या सुरक्षेत कसूर करणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तो दंड सरकारच्या तिजोरीत जायचा. जिचे गुपित फुटले तिच्या पदरात त्यातले काही पडायचे नाही.

पण केवळ कायद्याला बोल लावणे आम्हांला शोभत नाही. पुतणी तक्रार करायला निघाली, तेव्हा "आणखी बोभाटा नको" म्हणून तिला थांबवणारे आम्हीच होतो. तेव्हा ते शहाणपण वाटले. आज वाटते, तिच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्याच दिवशी देऊन टाकले होते.

अण्णांच्या ओट्यावर कोण टेकते आणि कोण नाही, हे गाव उघड्यावर ठरवत असे. अण्णांना धाक होता तो त्याचा. ती कंपनी मात्र आमच्या गप्प बसण्यावर निश्चिंत आहे.