उजवा, डावा आणि सहा रेघा

कौल मागणाऱ्याला दोनच उत्तरं हवी असतात. कोकणात नि गोव्यात देवाच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या लावतात; उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आमचं बिऱ्हाड भिलाईत, सेक्टर 2 मधल्या भिलाई स्टील प्लांटच्या क्वार्टरात. पाकळ्या लावणारा गुरव इथे कुठला? इथे शेजारच्या काकू रामचरितमानसाच्या पोथीतली रामशलाका प्रश्नावली उघडतात, डोळे मिटून 225 घरांपैकी एकावर बोट ठेवतात आणि दर नववं अक्षर वेचत चौपाई जुळवतात. चौपाया एकूण नऊ. काही होकाराच्या, काही सबुरीच्या.

चीनमधले शांग राजेही असाच कौल लावत. सुमारे 3,200 वर्षांपूर्वी, आजच्या आनयांगजवळ, कासवाच्या पोटाकडच्या कवचाला मागून खाचा पाडत, तिथे चटका देत आणि पुढच्या बाजूला उमटणाऱ्या भेगा वाचत. प्रश्न त्याच कवचावर कोरून ठेवत, पुष्कळदा जोडीनं: उजव्या अंगाला ‘असं होईल’, डाव्या अंगाला ‘असं होणार नाही’. वू दिंग राजाच्या काळी राणी फू हाओच्या बाळंतपणाविषयी असाच कौल लावला गेला. 31 दिवसांनी ती बाळंत झाली आणि नोंद झाली की चांगलं झालं नाही, मुलगी झाली. ही फू हाओ स्वतः सैन्य घेऊन मोहिमेवर जाणारी बाई! ज्या राज्याच्या फौजा एक बाई चालवते, तिथेच मुलगी डाव्या अंगाला. चांगलं एका बाजूला, वाईट दुसऱ्या बाजूला अशी वाटणी एकदा झाली की असलं काहीतरी नजरेआड होतंच.

पुढे झोउ काळातल्या यी चिंग या कौलाच्या पुस्तकात ही वाटणी सैल झाली, म्हणून ते पुस्तक मला जवळचं वाटतं. अखंड रेघ यांगची, तुटक रेघ यिनची. अशा सहा रेघा एकावर एक मांडायच्या. त्यातून 64 आकृत्या होतात. तीन नाणी उडवायची, छाप्याचे तीन, काट्याचे दोन, आणि बेरीज येते सहा ते नऊ. सात आणि आठ या तरुण रेघा, आहे तिथे राहणाऱ्या. सहा आणि नऊ म्हाताऱ्या. त्या आपल्या विरुद्ध रेघेत बदलतात. म्हणजे यांग जिथे सर्वांत भरात आहे, तिथेच ते यिन व्हायला लागतं. आकृत्यांची मांडणीही गमतीची आहे. वर आकाश आणि खाली पृथ्वी ही आकृती कुंठितपणाची. पृथ्वी वर आणि आकाश खाली ही सुखशांतीची. कारण आकाशाची ओढ वर, पृथ्वीची खाली. जागा उलट केल्या तरच दोघांची गाठ पडते.

गणिती लायब्निझनं 1703 मध्ये आपल्या द्विमान अंकगणिताच्या लेखात या रेघांची दखल घेतली. भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोरनं 1947 मध्ये आपल्या कुलचिन्हात यिन-यांगचं वर्तुळ घातलं. मोठी नावं घेतली की विषयाला वजन येतं. पण मला तो पटला भट्टीमुळे.

भिलाईची पहिली ब्लास्ट फर्नेस 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते सुरू झाली. पाहुण्यांना इथली आग दिसते. कारखान्याला पाणी देणारा मरोद्याचा तलाव मात्र कुणी त्या आगीशी जोडत नाही. भट्टीत दीड हजार अंशांच्या आसपास तापलेलं लोखंड असतं आणि त्याच भट्टीच्या भिंतींतून पाणी अखंड फिरत असतं. पाणी थांबलं तर भिंत जळते. तेच पाणी आत झिरपलं तर वाफेचा स्फोट होऊ शकतो. आग आणि पाणी एकमेकांच्या जिवावर उठलेले, पण एकमेकांशिवाय पाळी निघत नाही. यी चिंगमधली त्रेसष्टावी आकृती हीच: पाणी वर, आग खाली. नाव ‘काम पूर्ण झालं’ अशा अर्थाचं, मजकूर मात्र सावध करणारा. सुरुवात शुभ, शेवटी गोंधळ. भट्टीवर काम केलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

जुनी रीत मात्र नाण्यांची नव्हे, यारो नावाच्या वनस्पतीच्या काड्यांची. पन्नासातली एक बाजूला ठेवायची, उरलेल्या 49 दोन भागांत करून चार-चार मोजायच्या; एका रेघेला तीन फेऱ्या, पूर्ण आकृतीला अठरा. नाण्यांत सहा किंवा नऊ येण्याची शक्यता सारखीच, आठात एक. काड्यांत बदलणारं यांग सोळात तीन वेळा, बदलणारं यिन सोळात एकदाच. यिन चिवट, यांग चंचल, हा फरक काड्यांना ठाऊक होता. नाण्यांनी वेळ वाचवला आणि तो फरक पुसून टाकला. दोघांना अगदी सारखं मोजणं म्हणजे समतोल, असं मला तरी वाटत नाही.

हे सगळं मी काकूंना सांगितलं. अठरा फेऱ्या ऐकून त्या म्हणाल्या, एवढ्या वेळात मी रामशलाकेला तीनदा विचारीन. मग त्यांना चौथी आकृती सांगितली: पहिल्यांदा विचारलं तर उत्तर मिळतं, तेच दोनदा-तीनदा विचारणं हा आगाऊपणा, त्याला उत्तर नाही. काकूंनी पोथी मिटली. म्हणाल्या, “तुझ्या चिन्यांच्या घरी लग्नाला आलेली मुलगी नसेल.”